चुलीतला विस्तव आणि बिशपांची वही

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस सायंकाळी आपल्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. पाऊस सरलेला असतो, भाताची कापणी उरकत आलेली असते आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यात पहिला गारवा जाणवू लागलेला असतो. कुणी आजोबांच्या क्रुसाला नवा रंग दिलेला असतो, कुणी सासूबाईंच्या मातीवर झेंडूची फुले अंथरलेली असतात. प्रार्थना आटोपली की माणसे घरी परततात, आणि त्या रात्रीच्या जेवणाला दिवंगतांच्या आठवणींची सोबत असते. हिवाळ्याची चाहूल आणि मृतांचे स्मरण ख्रिस्ती कुटुंबाच्या जीवनात अशी एकाच आठवड्यात येतात. क्लूनी येथील मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी दहाव्या आणि अकराव्या शतकांच्या सांध्यावर मृतांच्या स्मरणासाठी हा दिवस नेमला, आणि तेथून तो हळूहळू सर्वत्र पसरला.

सेमिनरीत असताना आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो तो परिषदांचा, परमगुरूंचा आणि पाखंडांचा. पाखंडी मतांची यादी पाठ करावी लागे: अमुक पंथ, अमुक शतक, अमुक चूक, अमुक निषेध. ती यादी आम्ही पाठ केली आणि परीक्षेत चांगली लिहिलीही. परंतु ज्या माणसांची नावे त्या यादीमागे दडली होती ती हिवाळ्यापूर्वी काय साठवत, रात्री चुलीभोवती कोण कोठे बसे, त्यांच्या हंडीत काय शिजत असे, हे कोणी आम्हांस सांगितले नाही. आणि खरे बोलायचे तर आम्हीही विचारले नाही. पुढे एका गावाची हकीगत आमच्या वाचनात आली आणि ती यादी आमच्या मनात पूर्वीसारखी राहिली नाही. त्याच गावातील कुटुंबाचे हिवाळ्यापूर्वीचे दिवस आज वाचकांपुढे ठेवावेत असा मानस आहे.

एक गाव आणि एक वही

फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर पिरिनीज पर्वताची रांग आहे. तिच्या उत्तर उतारावर, सुमारे १३०० मीटर उंचीवर, मोंतायू नावाचे एक लहानसे गाव वसले आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी तेथे दोनशे ते अडीचशे माणसे राहत. शेतकरी आणि मेंढपाळ. एक पडका-सुस्थितीतला गड, खाली उतरत गेलेली घरे आणि त्यांच्याही खाली चर्च. अशा गावाची इतिहासाने दखल घेण्याचे काहीच कारण नव्हते.

कारण घडले ते पाखंडाचे. त्या डोंगराळ मुलखात काथार मताचा शेवटचा निखारा अजून धुगधुगत होता. हे दृश्य जग दुष्ट शक्तीने घडविले, शरीर हा आत्म्याचा तुरुंग आहे, संस्कार निरर्थक आहेत, असे ते मत सांगे. त्याचे प्रचारक स्वतःस 'भले लोक' म्हणवीत, रात्रीच्या अंधारात घरोघर येत आणि मरणोन्मुख माणसांना आपली दीक्षा देत. आक्स गावचा पिएर ओतिए हा लेखनिक त्यांचा म्होरक्या होता. १३१० मध्ये तुलूझ येथे त्याला जाळण्यात आले. त्याआधीच १३०८ साली कार्कासोनच्या धर्मन्यायालयाने मोंतायूतील सर्व प्रौढांना एकदम अटक केली होती.

यानंतर आले बिशप जाक फूर्निए. ते सिस्टर्शियन संन्यासी, पॅरिसला शिकलेले, १३१७ पासून पामिए धर्मप्रांताचे बिशप. १३१८ ते १३२५ या काळात त्यांनी इन्क्विझिशनचे न्यायालय चालविले. त्याची बैठक ३७० दिवस भरली आणि ५७८ वेळा जबान्या घेण्यात आल्या. आरोपींपैकी पंचवीस माणसे एकट्या मोंतायूची होती. बिशप विलक्षण चिकाटीचे होते. शारीरिक छळाचा अवलंब त्यांनी जवळजवळ केला नाही. एका प्रकरणात तो झाला तो राजाच्या अधिकाऱ्यांच्या दडपणाने. त्यांचे हत्यार निराळे होते. कैदेत ठेवावे, थांबावे, पुन्हा बोलवावे आणि पुन्हा विचारावे. कोण आले होते, कोठे बसले होते, चुलीपाशी कोण होते, ताटात काय होते, दार उघडे होते की लोटलेले? लोक आपल्या ओक्सितान बोलीत उत्तरे देत आणि लेखनिक ती लॅटिनमध्ये उतरवून घेत. ही वही पुढे बिशपांबरोबर अविन्योंला गेली आणि आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. १९६५ साली जाँ दुव्हेर्नुआ यांनी ती छापून प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे एमान्युएल ल रुआ लादुरी यांनी १९७५ साली मोंतायूवरचा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

पाखंड शोधण्यासाठी बिशपांनी घराचे दार उघडले. सातशे वर्षांनी त्याच दारातून आपल्याला आत पाहता येते.

बर्फापूर्वीची बेगमी

मोंतायूचे लोक घराला 'ओस्ताल' म्हणत. या एकाच शब्दात त्यांच्या लेखी भिंतीही आल्या आणि माणसेही. आपणही 'मोठ्या घरची मुलगी' म्हणतो तेव्हा घर म्हणजे विटा असे कोणी समजत नाही; तसेच ते. घराची सद्‌गती, घराचे नशीब ही त्यांना खरीखुरी गोष्ट वाटे. पाँ क्लेर्ग नावाचा घरधनी वारला तेव्हा घराचे भाग्य त्याच्याबरोबर निघून जाऊ नये म्हणून त्याचे थोडे केस व नखे कापून घरात जपून ठेवण्यात आली, असे एका साक्षीत आहे.

या घराचा गाभा म्हणजे स्वयंपाकघर. त्यात चूल, चुलीभोवती बाके, भांडी, आणि वर टांगलेले खारवलेले मांस. चुलीतला विस्तव रात्री राखेने झाकून ठेवीत, एक तर तो सकाळपर्यंत टिकावा म्हणून आणि दुसरे, ठिणगी उडून घर पेटू नये म्हणून. आमच्या पिढीतील ज्यांनी आजीला निखारे राखेत पुरताना पाहिले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. स्वयंपाकघराला लागून निजण्याची जागा आणि तळघर. ऐपतदार घरांना वरचा माळा. हिवाळ्यात जनावरेही त्याच छपराखाली येत आणि त्यांची ऊब माणसांनाही मिळे.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी होते; त्यांच्याकडे ती बर्फापूर्वी होई. त्या उंचीवर द्राक्षवेल जगत नसे, त्यामुळे द्राक्षारस खालच्या मुलखातून आणावा लागे. शेतात गहू, ओट, सलगम, आणि वस्त्रासाठी वाख व जवस. गावात पिठाची चक्की नव्हती. धान्याची पोती खेचरावर लादून आक्सला दळायला न्यावी लागत, आणि हे काम वाटा बंद होण्यापूर्वी जेवढे उरकेल तेवढे बरे. पाव, कोबी आणि सलगमाचे कढण, त्यात कधी डुकराच्या मांसाचा तुकडा, दूध आणि चीज, हे रोजचे अन्न. डुक्कर मारायचे ते हिवाळ्यात. मांस मीठ लावून धुरावर टांगले की ते वर्षाचा बराच काळ पुरे.

दिवस लहान होत तशी बायकांची कामे अंगणातून चुलीपाशी सरकत. पाणी मात्र डोक्यावरून आणावे लागे, थंडी असो वा ऊन. वाख विंचरायचा, सूत काढायचे, आणि विंचरायच्या फण्या आपल्याकडे नसल्या तर शेजारणीकडून वा माहेराहून उसन्या आणायच्या. अशाच फण्या आणायला निघालेली एक तरुण स्त्री या जबान्यांत आपल्याला भेटते. ऊन पडले की दारात किंवा छपरावर बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढायच्या आणि गावच्या बातम्या सांगायच्या. हे वाचून आम्हांस हसू आले. न्यायालयाच्या गंभीर लॅटिनमध्ये उवांचा उल्लेख जितक्या वेळा आहे, तितका एखाद्या थोर पंडिताचाही नसेल!

काळ मोजण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. तारीख क्वचितच कोणाच्या तोंडी येई. 'सकल संतांच्या सणाच्या सुमारास', 'नाताळानंतर', 'उपवासकाळात' असे ते सांगत. थोडासा वेळ सांगायचा तर 'दोनदा आमच्या स्वर्गीय बापा म्हणून होईल इतका'. ज्यांच्यावर ख्रिस्तसभेच्या विरोधात गेल्याचा आरोप होता, त्यांच्या तोंडी काळ मोजायला ख्रिस्तसभेचीच प्रार्थना होती.

सकल संतांचा सण हा त्यांच्या वर्षाचा सांधा होता. उंच कुरणांवर उन्हाळा काढलेले कळप बर्फापूर्वी खाली येत आणि हिवाळी कुरणांकडे नेले जात. कळपांबरोबर घरातला तरुण मुलगाही जाई. विणकराचा मुलगा पिएर मोरी हा असाच मेंढपाळ. अठरा-वीस वर्षांचा असताना तो घर सोडून आर्कच्या खोऱ्यात चाकरीला राहिला. पुढे कित्येक वर्षे त्याचे हिवाळे पिरिनीजपलीकडे कातालोनियाच्या कुरणांत गेले. 'बायको कर, स्थिर हो' असे लोक त्याला सांगत. आपल्यापाशी बायकोला पोसण्याइतके नाही, असे त्याचे उत्तर असे. मुंबईच्या वा आखाताच्या वाटेने मुलगा गेला की आपल्या घरांत जी जागा रिकामी होते, ती मोंतायूच्या चुलीपाशीही दर हिवाळ्यात रिकामी होत असणार.

धूर, पाव आणि शेजार

या वहीतील दोन छोट्या घटना आमच्या विशेष लक्षात राहिल्या. दोन्हींत पाखंड नाममात्र आहे, शेजार मात्र भरपूर आहे.

एक बाई सांगते की पंधरा वर्षांपूर्वी, उपवासकाळात, सायंप्रार्थनेच्या सुमारास ती खारवलेल्या डुकराचे दोन मोठे तुकडे घेऊन गियोम बेनेच्या घरी गेली. कशासाठी? धुरावर धरण्यासाठी. ज्याच्या घरी चूल मोठी आणि धूर पुरेसा, त्याच्या घरी शेजाऱ्यांचेही मांस टांगले जाई. आत बेनेची बायको दुसऱ्या एका स्त्रीसोबत शेकत बसली होती. बाईने मांस स्वयंपाकघरात ठेवले आणि ती परत आली. एवढीच घटना. न्यायालयाला हवे होते ते हे, की शेकत बसलेली दुसरी स्त्री कोण. आपल्याला मात्र दिसते ते हे, की त्या गावात धूरसुद्धा उसना मिळत असे.

दुसरी घटना सकल संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्याच दिवसाची. एक स्त्री मोठा थोरला पाव घेऊन दुसऱ्या घरी दान द्यायला निघते, कारण त्या दिवशी मृतांच्या आत्म्यांसाठी असे दान करण्याची गावची रीत आहे. सुगी संपलेली, हिवाळा दारात, कोठारात किती आहे ते मोजून झालेले. अशा वेळी त्या मोजलेल्या धान्यातला एक पाव घराबाहेर जातो. काथार उपदेशक शुद्धिस्थान मानीत नसत, मृतांसाठी केलेले दान व्यर्थ आहे असे सांगत. त्यांचे ऐकणाऱ्या गावातही ही रीत टिकून होती. घरातल्या बाईने उपदेश ऐकला असेल, मानही डोलावली असेल. पण आईबापांच्या नावाने पाव द्यायचा तो तिने दिलाच.

अशा गावी पाखंडी कोण आणि भाविक कोण हे ठरविणे बिशपांनाही सोपे गेले नसावे. एकाच चुलीपाशी दोन्ही मते शेकत बसली होती.

मृतांना थंडी वाजते

मोंतायूपासून दूर, बिशपांच्या पामिए शहरातच आर्नो जेलिस नावाचा एक साधा चर्चसेवक होता. मृतांचे आत्मे आपल्याला भेटतात आणि आपण त्यांचे निरोप त्यांच्या घरच्यांना पोहोचवितो, असे तो सांगे. एखाद्या मृताला आपल्या नावाने मिस्सा हवी असे, एखाद्या आईला आपल्या मुलीची चौकशी करायची असे. १३२० च्या सुमारास त्याला न्यायालयापुढे उभे करण्यात आले.

त्याने सांगितलेले मृत फार दयनीय आहेत. ते या चर्चमधून त्या चर्चमध्ये हिंडतात. रात्री ते जिवंतांच्या घरांत शिरतात, पण कोणत्याही नव्हे. जे घर नीटनेटके आहे आणि जेथे भरपूर लाकूड घातलेला विस्तव आहे, तेथे ते शेकायला येतात. असे हिंडता हिंडता सकल संतांचा सण येतो, आणि मग ते आपल्या विसाव्याच्या जागी निघून जातात.

धर्मशास्त्राच्या तराजूत हे सारे चुकीचे आहे, आणि आम्ही तसेच म्हणू. पण या चुकीच्या बोलण्यात कोणते दुःख बोलत आहे? ज्या मुलखात हिवाळा म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न, तेथे माणसाला आपल्या मेलेल्या आईविषयी पहिली चिंता वाटते ती ही की तिला थंडी वाजत असेल. तिच्यासाठी घर झाडून ठेवावे, चुलीत एक लाकूड जास्त घालावे, एवढेच त्याच्या हाती होते.

विझलेली चूल

आता जे सांगायचे आहे ते आम्हांस धर्मगुरू म्हणून सोपे नाही.

मोंतायूचे धर्मगुरू होते पिएर क्लेर्ग. ज्याचे केस आणि नखे जपून ठेवली त्या पाँ क्लेर्गचेच हे चिरंजीव. त्यांचा भाऊ गावचा कारभारी. हे धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत आणि पाखंड्यांनाही आश्रय देत. ब्रह्मचर्याचे व्रत त्यांनी पाळले नाही. आणि इन्क्विझिशनशी संधान बांधून, जे घर आपल्याला नडते त्यावर ते आळ घालीत. लोक त्यांना भीत असत. ज्या माणसाने पापनिवेदन ऐकायचे तोच चहाडी करू लागला, तर गावाने कोणापाशी बोलावे? शेवटी १३२० मध्ये त्यांनाही अटक झाली आणि ते कैदेतच वारले.

दुसरी तक्रार होती कोकरांवरील दशांशाची. बिशपांनी जनावरांवरचा दशांश डोंगराळ मुलखातही कडकपणे वसूल करावयास लावला. ज्यांची सारी मिळकत मेंढरांत, त्यांना तो जड गेला. जबान्यांत या दशांशाविषयीची कुरकूर पुन्हापुन्हा ऐकू येते, आणि त्या कुरकुरीचीही पाखंडाच्या वहीतच नोंद झाली.

आणि मग शिक्षा. बिशप फूर्निए यांच्या न्यायालयाने पाच माणसांना चितेवर पाठविले. त्यांतील चार वाल्दो पंथाचे होते आणि पाचवा होता मोंतायूचा गियोम फोर. इतर अनेकांना कैद झाली, कित्येकांना कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून हिंडावे लागले, कित्येकांची मालमत्ता गेली. मेंढपाळ पिएर मोरी १३२४ मध्ये कैदेत गेला. पर्वत ओलांडून दर ऋतूत मोकळा फिरणारा तो माणूस त्यानंतर आपल्याला दिसत नाही. ज्या क्रुसाकडे पाहून माणसाने सांत्वन घ्यायचे, तोच क्रूस पिवळ्या कापडाचा करून आयाबायांच्या पाठीवर चढविला गेला. त्या वर्षांत हिवाळा आला तेव्हा मोंतायूतील किती चुलींपाशी माणूस उरला नसेल!

येथे एक विसंगती ध्यानात येते. काथार म्हणत की हे भौतिक जग, हे शरीर, हे अन्न, हे लग्न, सारे दुष्टाची निर्मिती आहे. ख्रिस्तसभा म्हणत होती, आणि म्हणते, की देवाने जग चांगले घडविले, त्याच्या पुत्राने देह धारण केला, तो एका घरात वाढला. सिद्धान्त ख्रिस्तसभेचाच खरा होता. पण जी चूल, जो पाव, जे घर चांगले आहे असे ती शिकवीत होती, ते घर मोडण्याचे काम तिच्याच न्यायालयाने केले.

अविन्योंचे उत्तर

कथा येथे संपत नाही. १३३१ सालच्या सकल संतांच्या सणादिवशी तत्कालीन परमगुरू बाविसावे जॉन यांनी अविन्योंला एक प्रवचन केले. नीतिमानांच्या आत्म्यांना देवाचे पूर्ण दर्शन अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत घडत नाही, असा त्यांचा आशय होता. पंडितांत खळबळ माजली. मृत्यूच्या शय्येवर परमगुरूंनी आपले मत मागे घेतले.

१३३४ च्या डिसेंबरात त्यांच्या जागी जे निवडले गेले, ते होते पामिएचे माजी बिशप जाक फूर्निए. त्यांनी बारावे बेनेडिक्ट हे नाव धारण केले. १३३६ च्या जानेवारीत त्यांनी 'बेनेदिक्तुस देउस' हे अधिकारपत्र काढून शिकवण निश्चित केली: जे देवाच्या कृपेत मरतात त्यांचे आत्मे, शुद्धीची गरज असल्यास ती होताच, अंतिम न्यायाची वाट न पाहता देवाला समोरासमोर पाहतात. ही शिकवण आजही आपल्या विश्वासाचा भाग आहे. दफनविधीच्या वेळी आम्ही कुटुंबाला जो धीर देतो तो याच शिकवणीच्या आधाराने देतो.

हे अधिकारपत्र लिहिताना परमगुरूंना पामिएच्या त्या चर्चसेवकाची आठवण झाली होती काय? तसा पुरावा आमच्यापाशी नाही, आणि पुराव्यावाचून इतिहास सांगू नये. पण एवढे खरे की ज्याने 'मृतांना थंडी वाजते, ते शेकायला येतात' हे आपल्या कानांनी ऐकले होते, त्याच माणसाने पुढे सर्व ख्रिस्तसभेला सांगितले की आपले प्रियजन अंधारात हिंडत नाहीत, ते देवापाशी आहेत. हे उत्तर आर्नो जेलिसला त्या दिवशी न्यायालयात मिळाले असते तर! त्याने प्रश्नच विचारला होता, फक्त प्रश्नाची भाषा विधानाची होती.

आपल्या दाराशी

वाचक म्हणतील, हे सारे फ्रान्सातले. आपला काय संबंध? संबंध आहे. गोव्याला १५६० साली इन्क्विझिशन आले आणि ते कायमचे बंद झाले १८१२ साली. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, तोवर तिच्यावरही त्याचा अधिकार चाले. त्या न्यायालयाची बहुतेक दप्तरे पुढे नष्ट करण्यात आली. पण १७३६ च्या एप्रिलात त्याने काढलेले एक फर्मान टिकून आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत काय काय करू नये याची ती यादी आहे. लग्नात बायकांनी गाणी म्हणू नयेत, पानसुपारी वाटू नये, हळद-तेल लावू नये, मिठावाचून भात शिजवू नये, अंगणात तुळस लावू नये. ज्यांना आपल्या पणजीच्या पणजीचे लग्न कसे लागले असेल हे जाणून घ्यायचे आहे, त्यांना आज त्या मनाईच्या यादीतच ते शोधावे लागते. मोंतायूप्रमाणेच येथेही घरचे जीवन लिहून ठेवले ते प्रेमाने पाहणाऱ्याने नव्हे, तर संशयाने पाहणाऱ्याने.

ख्रिस्तसभेने हे झाकून ठेवलेले नाही, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. १९९८ च्या जानेवारीत व्हॅटिकनने धर्मसिद्धान्त मंडळाची जुनी दप्तरे अभ्यासकांना खुली केली. १२ मार्च २००० रोजी, महोत्सवी वर्षात, परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात जाहीर क्षमायाचना केली. सत्याची सेवा करण्याच्या नावाखाली झालेल्या पापांचा त्या प्रार्थनांत स्वतंत्र उल्लेख होता. सत्य खरे असले तरी ते हिसकावून पोहोचविता येत नाही, ही कबुली द्यायला सातशे वर्षे लागली. पण ती दिली गेली.

आम्हांस मात्र या वहीने शिकविले ते याहून लहान, आणि रोजच्या कामाचे. धर्मग्रामाच्या कुटुंबांना भेटी द्यायला आम्ही हिवाळ्याच्या सुरुवातीस, आगमनकाळापूर्वी निघतो. दारात फादर दिसले की घर सावरून बसते. टीव्ही बंद होतो, मुलांना हाका मारल्या जातात, आजीला बाहेरच्या खोलीत आणून बसवतात. आम्ही काखेतली वही काढतो आणि विचारतो: बाप्तिस्मे झाले? थोरल्याचे लग्न चर्चमध्ये लागले? रविवारी सगळे येता? उत्तरे मिळतात, आम्ही ती लिहून घेतो. प्रश्न योग्यच आहेत. धर्मग्रामाची वहीही हवीच. पण अनेक वर्षे अशी वही भरल्यावर एके दिवशी आमच्या ध्यानात आले की त्या घरातल्या माणसांची आमच्याकडे नोंद आहे, ओळख नाही. कोणाचा मुलगा परदेशात आहे आणि तीन नाताळ घरी आलेला नाही, कोणाकडे औषधाच्या पैशांमुळे वाणसामानाला कात्री लागली आहे, कोण आजी रात्री मेलेल्या आजोबांशी बोलते, हे वहीत लिहायला रकाना नाही.

त्या आजी एकदा हळूच आम्हांला म्हणाल्या, "फादर, ह्यांना थंडी फार वाजायची हो. मी अजून त्यांची शाल पायथ्याशी ठेवते. हे पाप तर नाही ना?"

आम्ही त्यांना सांगितले की पाप मुळीच नाही. आजोबा देवाच्या हाती आहेत, तेथे त्यांना थंडी वाजत नाही, आणि शाल मात्र आता त्यांनीच पांघरावी. त्या हसल्या. आतून सूनबाई चहा घेऊन आल्या. वही आम्ही त्या दिवशी पिशवीतून काढलीच नाही.